पाचवा महिना, एचबी (हिमोग्लोबिन) 9.4, माती आणि बर्फ खायची ओढ

शाहूपुरी_वहिनी
धाकट्या जावेला 19वा आठवडा चालू आहे. भाजक्या मातीचे तुकडे आणि दिवसाला दोन ट्रे बर्फ खाते. सासूबाई म्हणतात डोहाळे मोडू नयेत. एचबी 9.4 आलंय. लोहाच्या दोन आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज सांगितल्यात, पण शी काळी होते म्हणून तिनं लोहाच्या बंद केल्या. थोडी माती चालेल का? गुळानं भागेल का? आणि इथं कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून देतात, ते धारोष्ण दूध द्यावं का?

करवीर_आहार
ताई, डोहाळे जरूर पुरवा, पण माती आणि बर्फ त्यात धरू नका. अशी ओढ बऱ्याचदा लोह कमी पडल्याची खूण असते आणि 9.4 तेच सांगतंय. या महिन्यांत रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे एचबी थोडं उतरतंच; पण 11 च्या खाली गेलं की उपचार लागतो. माती पोटात लोहाला धरून ठेवते, म्हणजे मूळ दुखणंच वाढतं. शिवाय जंत आणि शिसं जाण्याची भीती. भाजल्यानं शिसं जात नाही.

शी काळी होणं हे गोळीतल्या लोहामुळेच, घाबरू नका. फक्त डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या आजच परत सुरू करा.

वेळा अशा लावा: कॅल्शियम सकाळी नाष्ट्याबरोबर आणि रात्री आठच्या जेवणाबरोबर. लोह सकाळी 11 ला आणि रात्री 10 ला, लिंबूपाण्याबरोबर. दोन्ही एकत्र घेतली की कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणून मध्ये दोन तास हवेतच. चहाचंही तेच, लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर तासभर नको. मळमळलं तर परस्पर बंद करू नका, डॉक्टर गोळी बदलून देतात.

गूळ आपल्याकडचा कितीही चांगला असला तरी 10 ग्रॅमच्या खड्यात लोह अर्धा-एक मिलिग्रॅम. सरकारी लाल गोळीत 60. चवीला खाऊ दे, औषध म्हणून नको.

रस्सा_आणि_भाकरी
दूध भरपूर द्या, पण घरी आणून उकळी फुटू दे. कच्च्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरियासारखे जंतू येतात. लिस्टेरियानं आईला नुसती कणकण येते आणि बाळ दगावू शकतं. म्हैस डोळ्यांसमोर पिळली म्हणून जंतू मरत नाहीत.

घरी मटण होत असेल तर पांढरा रस्सा वाट्यावर वाट्या देण्यात अर्थ नाही. लोह फोडीत असतं, पाण्यात फारसं उतरत नाही. चांगल्या शिजलेल्या चार फोडी, भाकरी, वर लिंबू. कलेजी मात्र वारंवार नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. तांबड्या रश्श्यानं जळजळत असेल तर कट कमी घ्या आणि जेवल्यावर दोन तास आडवं पडू नका. गर्भाशय वर सरकतं आणि अन्ननलिकेचं तोंड सैल पडतं, म्हणून आंबट वर येतं.

शाहूपुरी_वहिनी
गोळ्या आज रात्रीपासून सुरू करतोय. पोटावर बेंबीखाली काळी रेघ उमटलीय, उठताना जांघेत चमक येते. आणि सांगायचं राहिलं, ती सकाळी मिश्री लावते.

करवीर_आहार
रेघ संप्रेरकांमुळे, बाळंतपणानंतर फिकी होते. चमक गर्भाशयाचे बंध ताणल्यानं. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन सावकाश उठू दे. चमकेबरोबर रक्त दिसलं किंवा पोट सारखं कडक होऊ लागलं, तर मात्र थांबू नका. चेहरा सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बसल्या जागी धाप, यातलं काहीही झालं तरी त्याच दिवशी दवाखाना.

मिश्री आजच बंद. तंबाखू हिरडीतून रक्तात जाते, बाळाचं वजन कमी भरतं. ओढ आवरत नसेल तर डॉक्टरांना उघड सांगू दे. महिन्यानं एचबी परत तपासा. निदान 1 ग्रॅमनं चढलं नसेल तर शिरेतून लोह द्यायचं का, ते विचारा.