'नळ' म्हणजे जलसेतू का? कात्रजच्या कामाच्या कागदांतले शब्द

प्रश्न

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले गेले. अशा कामांच्या मोडी कागदांचे लिप्यंतर करताना शेवटी शब्दसूची जोडायची आहे. 'नळ' या नोंदीपुढे 'जलसेतू' लिहिले तर चालेल का? 'उच्छ्वास' आणि 'तोटी' यांचे नेमके अर्थही हवे आहेत.

उत्तर

'जलसेतू' कृपया लिहू नका. सेतू म्हटले की कमानींवरून दरी ओलांडणारे पाणी डोळ्यांपुढे येते. कात्रजचा नळ जमिनीखालून येतो. दगड-चुन्यात बांधलेला, वरून झाकलेला आणि सफाईसाठी माणूस आत उतरू शकेल असा तो मार्ग आहे. सूचीत 'बांधीव, झाकलेला जलमार्ग' असे सरळ लिहावे.

आज 'नळ' म्हणजे घरातली पाण्याची चावी, आणि घोळ इथेच होतो. जुन्या कागदात नळ म्हणजे पाणी वाहून नेणारा मार्ग. पाणी जिथून बाहेर पडते ती तोटी. म्हणून 'नळास पाणी सोडले' असे वाचले तर कोणाच्या दारी पाणी आले असे समजू नये. तलावाकडचे तोंड उघडून मार्गात पाणी घेतले, एवढाच त्याचा अर्थ. लोक पाणी भरत ते पेठांतल्या हौदांवर. कसबा पेठेतल्या 'साततोटी' या नावात तोटीचा जुना अर्थ अजून शाबूत आहे.

पाट आणि नळ यांतही गल्लत नको. पाट उघडा असतो आणि बहुधा शेतासाठी असतो. नळ झाकलेला, कारण पिण्याच्या पाण्यात पाला, गुरे आणि ऊन यांतले काहीच यायला नको.

उत्तर

उच्छ्वास म्हणजे नळावर ठरावीक अंतराने बांधलेला, वर तोंड असलेला पोकळ खांब किंवा मनोरा. त्याचा अर्थ 'हवा जाण्याचे भोक' एवढाच दिला तर निम्मे काम सांगायचे राहून जाते.

मार्ग खाली उतरून पुन्हा चढतो तिथे उंचवट्यावर हवा अडकते आणि प्रवाह चोंदतो. उच्छ्वासातून ती हवा निघून जाते. दुसरे काम दाबाचे. बंद मार्गात दर १० मीटर उंचीमागे चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलो दाब चढतो. चुन्याचे किंवा खापरी नळांचे सांधे एवढा दाब फार काळ सोसत नाहीत, ते गळू लागतात. उच्छ्वासात पाणी आपल्या पातळीपर्यंत चढून उघड्या हवेला भिडते, त्यामुळे पुढच्या मार्गावर दाब साठत नाही. तिसरे काम गाळाचे. तळ नळाच्या पातळीपेक्षा खोल ठेवला की गाळ तिथे बसतो आणि वरून उतरून काढता येतो. ही सफाई चुकली की खळगा भरतो, गाळ पुढे सरकतो आणि शेवटच्या हौदाचे पाणी आधी तुटते. 'नळ फुटला' आणि 'नळ बुजला' या दोन्ही तक्रारी पाणी न येण्याच्याच, पण दुरुस्ती अगदी वेगळी, म्हणून भाषांतरात दोन्हींना एकच शब्द वापरू नये.

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडारा या जुन्या भूमिगत पाणीयोजनेतली 'कुंडी' हा उच्छ्वासाचा पर्याय नव्हे. ती जमिनीवरून भूमिगत बोगद्यापर्यंत खाली जाणारी विहीरवजा खोदाई आहे. उच्छ्वास जमिनीच्या वर उठतो.

प्रश्न

आभारी आहे. खर्चाच्या यादीत चुन्याबरोबर सुरखी आणि घाणी येतात. लोणारी म्हणजे मिठाचा व्यापारी ना?

उत्तर

इथे नाही. बांधकामाच्या कागदात लोणारी म्हणजे चुनखडी भाजणारा. घाणीही तेलाची नव्हे. गोल चरात बैलाने दगडी चाक फिरवून चुना मळण्याची ती घाणी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. नुसता चुना हवा लागून घट्ट होतो, सतत ओल असली तर तो मऊच राहतो. सुरखी घातलेला चुना ओलाव्यातही धरतो, म्हणून पाण्याच्या कामाच्या यादीत सुरखी दिसली तर नवल नाही. चुना पुरता न विरवता वापरला तर आतले कच्चे खडे मागाहून फुगतात आणि गिलावा उडतो.

मापांबाबत: २० मणांची खंडी, ४० शेरांचा मण. रकमेपुढची एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. ४॥ म्हणजे साडेचार. छपाईत या रेघा पूर्णविराम समजून गाळल्या जातात आणि बेरीज जुळेनाशी होते. गज २४ तसूंचा, पण गजाची लांबी सगळीकडे सारखी नव्हती. त्याचे फूट करण्याआधी उभ्या असलेल्या बांधकामाशी ताडून पाहावे.

पुरवणी

सूचीत तारखांचाही खुलासा असावा. 'इहिदे खमसैन मया व अलफ' हे सुहूर सन (मराठी कागदांत वापरली जाणारी, अरबी अंकशब्दांत लिहिलेली कालगणना) ११५१: एक, पन्नास, शंभर आणि हजार. सन मृगाला बदलतो. इसवी सन काढायला जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११५१ हे साल जून १७५० ते जून १७५१. बांधकामाचा भर कोरड्या दिवसांत असतो, त्यामुळे बरेच हिशेब नेमके जानेवारीनंतरचे निघतात. सरसकट ५९९ मिळवले की ते सगळे एक वर्ष मागे जातात. शिवाय तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र; त्यापुढचा महिना मोहरम, सफर असा हिजरी असतो. एकाच ओळीत सन एका गणनेचा आणि महिना दुसऱ्या गणनेचा, म्हणून मूळ तारीख जशीच्या तशी ठेवून इंग्रजी तारीख शेजारी द्यावी.