बायोमेडिकल केलंत, मग पुढे कुठे वळलात?

लेक बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत येईल तो विचारत होता, "म्हणजे हॉस्पिटलचा तो पिवळ्या पिशव्यांतला कचरा ना?" पहिल्या दोघांना तिने नीट समजावलं, की ही वैद्यकीय यंत्रांची इंजिनिअरिंग शाखा; तिसऱ्याला "हो" म्हणाली आणि मोदक वाढला. सीनियर मुलं म्हणतात, कॅम्पसला सगळ्या सॉफ्टवेअरच्याच कंपन्या येतात. तुमच्यापैकी ज्यांनी हा किंवा याच्या जवळपासचा कोर्स केलाय, त्यांनी वाट कशी सापडली ते लिहा. पगाराचे आकडे नकोत, ते तिचा मामा सांगतोच.

•••

ताई, माझी पहिली नोकरी एका हॉस्पिटलच्या तळघरात, पंखा नसलेल्या खोलीत. तिसऱ्याच आठवड्यात आयसीयूतून फोन आला, "ईसीजी मशीन गेलं." जाऊन बघते तर रेषेला करवतीसारखे बारीक दाते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे पाच मिलिमीटरचा मोठा चौकोन 0.2 सेकंदाचा. एका चौकोनातले दाते मोजले तर बरोबर 10. सेकंदाला 50. तेवढ्याच वेळा हेलकावते ती आपल्या भिंतीतली वीज! मशीन ठणठणीत होतं. मोटारवाल्या कॉटचा प्लग काढला आणि रेष स्वच्छ झाली. अर्थिंग सुटलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. सिस्टर म्हणाल्या, "आम्हालाही दाखव ना दाते कसे मोजायचे." दुपारी चहाच्या वेळी सहा जणी जमल्या. इलेक्ट्रोड लावताना कातडी का पुसायची, जेल वाळलं तर काय होतं, असं करत तास गेला. त्या दिवशी कळलं, आपल्याला स्क्रू पिळण्यापेक्षा शिकवण्यात जास्त रस आहे. अशीही नोकरी असते हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. आता नऊ वर्षं ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट आहे. नवीन व्हेंटिलेटर बसला की डॉक्टरांना आणि सिस्टरना तो वापरायला शिकवते. बॅग कायम भरलेली असते, तेवढं सोसावं लागतं.

•••

मी रेग्युलेटरीत. नाव ऐकूनच झोप येते ना? मलाही यायची. पण 2017 चे मेडिकल डिव्हाइस रूल्स 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले आणि आमच्या छोट्या कंपनीत ते वाचायला कुणीच तयार नव्हतं. साहेबांनी गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला. जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग: जीभ दाबायची पट्टी ए, इंजेक्शनची सुई बी, व्हेंटिलेटर सी, हृदयाची कृत्रिम झडप डी. आपलं यंत्र कशात बसतं, त्यासाठी कोणता पुरावा लागतो, तो फाइलीत कसा मांडायचा, हे सगळं माझ्याकडे आलं. सर्किट कळतं आणि शरीरही थोडंफार कळतं, अशा माणसाचंच हे काम. मुलीला सांगा, नियम मुळातून वाचायची सवय लाव.

•••

मी पेटंटकडे गेलो, तेही अपघाताने. फायनल इयरच्या प्रोजेक्टचं पेटंट घ्यायचं ठरलं, तेव्हा गाइडने अर्धं ड्राफ्टिंग माझ्याच गळ्यात मारलं. उपचाराच्या पद्धतीवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही, उपकरणावर मिळू शकतं. त्यामुळे एकच कल्पना कशी लिहिली यावर सगळं अडतं. त्या शब्दांच्या खेळाची चटक लागली. पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान किंवा इंजिनिअरिंगच्या पदवीवर देता येते, वकिलीची पदवी लागत नाही.

•••

मी जरा कडू लिहिणार आहे. बीएससी बायोमेडिकल सायन्स इंग्लंडात केलं, मनात मेडिसिनला शिरायचं होतं. नाही जमलं. मग म्हटलं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागू. तिथे बायोमेडिकल सायंटिस्ट हे नाव लावायलाच एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. माझ्या पदवीला आयबीएमएस या तिथल्या बायोमेडिकल सायंटिस्टांच्या व्यावसायिक संस्थेची मान्यता नव्हती आणि प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाने ते ठळकपणे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. उरलेले विषय पैसे भरून वेगळे केले, लॅबमध्ये ट्रेनिंगची जाडजूड वही भरली, तेव्हा कुठे नाव लागलं. आता रक्तपेढीत रात्रपाळी करते. पहाटे तीनला क्रॉसमॅच करताना, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटला जुळतं का ते बघताना, एवढी शांतता असते की मेडिसिन हुकल्याचं आठवतही नाही. पण परदेशी पाठवणार असाल तर आधी ती मान्यता तपासा, हात जोडून सांगते.

•••

एमटेक करायचं असेल तर 2020 पासून गेटला बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. आमच्या वेळी नव्हता, इलेक्ट्रॉनिक्सचा देऊन आपटलो. सध्या बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. बायकोला वाटतं, मी डॉक्टर होता होता राहिलो.

•••

सगळ्यांचे आभार. लेकीला वाचून दाखवलं. रेग्युलेटरीला तिने जांभई दिली, पेटंटला "अजून सांग" म्हणाली. आता आजोबांची फाइल काढून त्यांचे जुने ईसीजी जेवणाच्या टेबलावर पसरून बसली आहे, भिंग घेऊन. 2019 च्या कागदावर दाते सापडले म्हणते. आजोबा विचारतायत, माझे की मशीनचे?