कादंबरीतली ती, आपल्या घरातली ती : अनुभव लिहा

मागच्या पावसाळ्यात दापोलीला आजीला ‘रथचक्र’ वाचून दाखवत होते. श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी १९६२ची. पोरांनी शिकलं पाहिजे या एका ध्यासापायी एकत्र कुटुंबातून बाहेर पडणारी बाई, आणि पुस्तकभर तिला नाव नाही, नुसती ‘ती’. आजी आठळ्या सोलत ऐकायची. चौथ्या-पाचव्या दिवशी विचारलंन, “हिचं नाव काय गो?” नाव दिलेलंच नाही म्हटल्यावर हातातली आठळी हातातच राहिली. “मला तरी कोणी हाक मारलीय नावाने? मामंजी ‘मधली’ म्हणत, जावा ‘अगो’. रेशनकार्डावर होतं तेवढंच.” मग म्हणाली, “वाच पुढे.”

तेव्हापासून मनात आहे, कादंबऱ्यांतल्या या बायका आपल्या घरात कुठे कुठे बसल्यात ते विचारावं. जरूर लिहा.

*

गुहागर. प्राथमिक शिक्षिका आहे. डी.एड.ला असताना ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचलं. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेलं. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून आपण ओळखतो त्याच या. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न अडलेल्या मुली. तेव्हा वाटलं, जुना काळ!

नोकरी लागली आणि माझं पासबुक देव्हाऱ्याखालच्या खणात गेलं, करंड्याशेजारी. बाबा वाईट नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचंय. घराचं कर्ज, भावाचं शिक्षण, सगळं खरंच होतं. स्थळं यायची आणि पत्रिका जुळायची नाही. माझ्याकडेही ‘नको’ म्हणायला शब्द नव्हता, कारण पगार घरात देणारी मुलगी म्हणून गावात माझं कौतुक होतं आणि ते मला आवडायचं. बत्तिसाव्या वर्षी पासबुक मागितलं. आई दोन दिवस बोलली नाही. बाबांनी स्वतः आणून दिलं. पानांच्या कडा कुंकवाने लाल झाल्या होत्या. अजून ते पासबुक बदललेलं नाही.

*

मालवण. मला या नायिकांत आमची बाई सापडत नाही, याचं वाईट वाटतं. वाडे, माजघरं, सोवळं. माझी आई बाजारात मासळी विकायची, पैसा तिच्याच हातात. वडील गेले त्यानंतर महिन्याच्या आत बांगड्याची पाटी घेऊन गेली, कुणाला विचारलं नाही. पण माझ्या लग्नात हळदीला मागे उभी राहिली. मी ओढलं तरी पुढे आली नाही. “माका जमाचा नाय गो,” एवढंच. बाजारात भल्याभल्यांना न ऐकणारी बाई! हे कोणीतरी नीट लिहायला हवं.

*

चिपळूण. सहा वर्षं गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. डोकं दुखायचं, पाय सुजायचे. पुस्तकांतल्या बायका उंबरठा ओलांडतात तेव्हा मोठं काहीतरी घडतं, म्हणून मी भांडणाची तयारी करून ठेवली होती. गेल्या वर्षी गोळ्या घेतल्या नाहीत आणि चतुर्थीच्या पहाटे सासूबाईंना सांगून टाकलं. त्या बराच वेळ चुलीकडे बघत राहिल्या. मग विळी माझ्यापुढे सरकवली. “एकवीस मोदकांचं खोबरं खोवायचंय. देवाजवळ मी जाते.”

निम्माच उंबरठा म्हणा. पण खोबरं मी खोवलं.