‘वाडवडिलांचा संप्रदाय’ लिहिलेला कोठे आहे?

प्रश्न – कोरडवाहू (अचलपूर तालुका)

सर्वांना सलाम. आमच्या गावातील लहानशा मंडळीत सध्या बायबलातील मार्काच्या शुभवर्तमानाचा अभ्यास चालू आहे. सातव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, ‘वाडवडिलांचा संप्रदाय’ पाळून हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत, असे येते. परंतु सर्वसामान्य माणसाने जेवणापूर्वी हात धुवावेत, असा नियम मोशेच्या पाच पुस्तकांत मला सापडत नाही. मग तो आला कोठून? आमच्याकडे ‘ढोंगी लोकांचे कर्मकांड’ एवढे म्हणून पुढे जातात, त्याने समाधान होत नाही.

उत्तर – जुनी पाटी

भाऊ, तेव्हा तो तोंडीच होता. यहुदी श्रद्धेनुसार सीनाय पर्वतावर मोशेला लेखी नियमशास्त्राबरोबर तोंडी नियमशास्त्रही मिळाले आणि ते गुरूकडून शिष्याकडे पाठांतराने येत राहिले. इ.स. 200 च्या सुमारास रब्बी (यहुदी धर्मगुरू) यहूदा हनासी यांनी त्याचे संकलन केले, तीच मिश्ना. तिचे 6 विभाग आणि 63 ग्रंथ आहेत. त्यांतील ‘यादाइम’, म्हणजे ‘हात’, या ग्रंथाचा आरंभच हातांवर ओतायच्या पाण्याच्या मापाने होतो: पाव लोग, म्हणजे साधारण दीड अंड्याएवढे पाणी. प्रश्न मळाचा नव्हे, शुद्धतेचा आहे. आंघोळ होऊनही सोवळे वेगळे राहते, तसाच काहीसा.

आपल्या ऋद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवांना विचारून विचारून लिहून काढल्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तोंडी परंपरा ग्रंथात कशी उतरते, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर – हुरडा

दुसऱ्या अध्यायात येशूचे शिष्य शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विसाव्याच्या दिवशी, शेतातून जाताना कणसे मोडतात आणि परूशी आक्षेप घेतात; तो प्रसंगही असाच वाचावा. मी लहानपणी ‘दुसऱ्याच्या शेतातली कणसे तोडली म्हणून परूशी रागावले’ असे समजत होतो. ते चूक आहे, कारण शेजाऱ्याच्या शेतातील कणसे हाताने मोडावीत, मात्र विळा लावू नये, अशी मुभा मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या, म्हणजे ‘अनुवाद’च्या, 23व्या अध्यायातच आहे. आक्षेप कणसे कोणत्या दिवशी मोडली याला होता. मिश्नेत शब्बाथ दिवशी वर्ज्य अशी 39 कामे सांगितली आहेत आणि त्यांत पेरणी व नांगरणीनंतर लगेच कापणी येते. कणीस मोडणे ही कापणीच, असा तो वाद.

उत्तर – जुनी पाटी

बरोबर, मात्र मिश्ना येशूनंतर दीड शतकाहून अधिक काळाने संकलित झाली, तेव्हा तिच्यातील प्रत्येक नियम सरसकट त्या काळावर लादू नये. ‘ढोंगी’ या शब्दाविषयीही एक सांगतो. आईबापांचा वाटा देवाला अर्पण केला म्हणून अडवणाऱ्यावर येशू त्याच सातव्या अध्यायात टीका करतो. मिश्नेच्या ‘नेदारीम’ या नवसांवरील ग्रंथात, नवस आईबापांशी संबंधित असेल तर त्यांच्या मानाखातर तो सोडवता येतो, यावर रब्बींचे एकमत नोंदलेले आहे. म्हणजे हा वाद घरातलाच होता.

ख्रिस्ती लोकांचे या ग्रंथांशी वागणे मात्र एकसारखे नाही. पॅरिसमध्ये 1242 च्या सुमारास तालमूदच्या, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरील चर्चा असलेल्या ग्रंथाच्या, हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या, तर संपूर्ण बाबेली तालमूद प्रथम छापला तो डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने, व्हेनिसमध्ये, 1520 ते 1523 या काळात. संपूर्ण मिश्नेचे 1933 मधील इंग्रजी भाषांतरही हर्बर्ट डॅनबी या अँग्लिकन धर्मगुरूचे आहे. इंग्रजी चालत असेल तर तेथून सुरुवात करावी.

प्रश्नकर्ता – कोरडवाहू

आभारी आहे. काल रात्री जेवणापूर्वी दीड अंड्याच्या अंदाजाने पाणी मोजून घेतले आणि मुलाला हातांवर ओतायला सांगितले; दोन्ही हातांना मनगटापर्यंत ते जेमतेम पुरले.