पैसा आला, मग काय झाले? (अनुभव धागा)

माझे नोकरीचे सारे आयुष्य पुण्यातल्या सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात गेले. इतरांच्या वह्या तपासताना एक प्रश्न सतत समोर येत असे, आणि अहवालाच्या नमुन्यात त्याच्यासाठी रकाना नसे : पैशाने माणूस बिघडतो, की मुळात बिघडलेला माणूस पैशामुळे उघडा पडतो? गैरव्यवहार सापडलेल्या संस्थांत रक्कम मोठीच असे असे नाही. पण हिशोब एकाच माणसाच्या कपाटात असे, आणि तो मागणे म्हणजे त्या माणसाचा अपमान समजला जाई. त्यामुळे रकमेपेक्षा झाकपाकीनेच अधिक नुकसान होते, असा माझा कल झाला आहे. तो तपासून घ्यावा म्हणून हा धागा काढतो आहे. आपण स्वतः पाहिलेले लिहावे आणि व्यक्तींची व संस्थांची नावे टाळावीत. पैसा हा हातचा मळ असल्याची वाक्ये आपल्या सर्वांना पाठ आहेत. ती कृपया येथे पुन्हा लिहू नयेत.

माहेर मुळशी तालुका, सध्या वारजे

आमचे गाव हिंजवडीला लागून आहे. माझ्या लहानपणी तिथे भात होत असे, आणि बांधावरून भावकीत होणारी भांडणे सोडली तर त्या जमिनीची किंमत कोणी विचारीत नसे. आयटी पार्क आल्यावर एकराची भाषा संपली आणि सौदे गुंठ्याने होऊ लागले. आप्पा गेल्यानंतर वारसनोंदीत आम्हा बहिणींची नावेही सातबाऱ्यावर लागली, त्यामुळे दादाने जमीन विकासकाला द्यायचे ठरवले तेव्हा हक्कसोडपत्रावर आमच्या सह्या आवश्यक झाल्या.

येथे कायद्याची एक गंमत सांगते, कारण ती आमच्या घरातच घडली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांप्रमाणे जन्मजात हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिच्यातून वगळले. तो भेद केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने संपला. आक्काचे लग्न १९९४ च्या आधीचे आणि माझे नंतरचे, म्हणजे अकरा वर्षे एकाच आईच्या दोन मुलींपैकी एकीला तो हक्क होता आणि दुसरीला नव्हता, आणि याचा दोघींनाही पत्ता नव्हता. वकिलाने हे समजावून सांगितले तेव्हा आक्का म्हणाली, "माहीत नव्हते तेच बरे होते."

दुय्यम निबंधक कार्यालयात जायच्या दिवशी दादा स्वतः गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. आम्हा दोघींसाठी साड्या आणल्या होत्या आणि दुपारच्या जेवणाचीही सोय केलेली होती. वाटेत मुलांच्या परीक्षा, पाऊस, आत्याचे गुडघे असे सगळे विषय झाले. आकडा मात्र कोणीच काढला नाही. शेवटी मीच विचारले, "दादा, व्यवहार कितीला ठरला?" उत्तर वहिनीने दिले : "ताई, तुम्हाला तिकडे काय कमी आहे?" मी त्या दिवशी सही केली नाही. मला वाटा नाकारला असता तर मी कदाचित मुकाट्याने सही करून आलेही असते, कारण आमच्याकडच्या बहुतेक बहिणी तेच करतात. पण ज्या कागदावर माझा अंगठा उमटणार त्यामागची रक्कम मला कळू नये, हे मला सहन झाले नाही.

आक्काने सही केली. तिचे माहेरी जाणे-येणे चालू आहे आणि भाऊबीजेला तिला साडी मिळते. मला पुढे मध्यस्थांमार्फत काही रक्कम मिळाली, ती मुलीच्या शिक्षणाला लागली, आणि माझी भाऊबीज थांबली. जमीन विकून एकदम श्रीमंत झालेल्या ज्यांची गुंठामंत्री म्हणून चेष्टा होते तसा दादा झाला नाही, हेही सांगायला हवे. गळ्यात सोन्याचे दोर नाहीत, तो अजून पहाटे उठून गोठ्यात जातो. त्याला पैशाने बिघडवले असे मी म्हणणार नाही. बहिणीला विचारायचे नसते ही समजूत पैशाच्या फार आधीपासून घरात होती. भाताच्या दिवसांत तिची कोणाला झळ लागत नव्हती, एवढेच.

हडपसर

वरील अनुभवाच्या संदर्भात आमच्या भागातील मगरपट्ट्याचे उदाहरण नोंदवावेसे वाटते. तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन बाहेरच्या विकासकाला न विकता एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भाग (शेअर) घेतले. तेथे सर्व गोडीगुलाबीने झाले असा माझा दावा नाही. पण पैसा पोत्याने एकदम घरात न पडता भागांच्या आणि भाड्यांच्या रूपाने येत राहिला. आमच्याच आसपास ज्यांनी रोख सौदे केले त्यांच्यापैकी कित्येकांकडे आज गाडीही नाही आणि जमीनही नाही.

जनता वसाहत (आईने सांगितले, मी लिहिले)

आई अनेक वर्षे घरकाम करते. ती म्हणते की नव्या घरी काम धरले की पहिल्या काही आठवड्यांत कुठेतरी नोट पडलेली सापडतेच : उशीखाली, वॉशिंग मशीनच्या मागे, कधी देवघराच्या पायरीवर. आधी पन्नासची असे, आता पाचशेची असते. पडलेली नोट आणि ठेवलेली नोट तिला लगेच ओळखू येते, कारण पडलेली नोट चुरगळलेली असते. ती उचलून टेबलावर ठेवते आणि मोठ्याने सांगते, "ताई, तुमचे पैसे पडले होते." ताईंच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसते ते तिला आवडत नाही. धाग्याच्या प्रश्नावर तिचे उत्तर असे आहे की नोट उचलणाऱ्याचे काय व्हायचे ते होवो, ठेवणाऱ्याचे काय झाले आहे ते आधी विचारा.

आमच्या गल्लीत तिच्या ताब्यात बायकांची भिशी आहे. वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचली जाते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपला आकडा पाठ असतो.

डेक्कन, निवृत्त प्राध्यापक

पूर्वीच्या पुण्यातील थोर माणसांना पैशाची पर्वाच नव्हती, असे आमच्या पिढीला शाळेपासून ऐकवले गेले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये स्थापन झाले. तेथील आजीव सदस्य अल्प वेतनावर काम करीत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुमारे वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांच्या आसपास घेतले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र याच मंडळींत पैशावरून कडाक्याचे वाद झाले, ही दुसरी बाजू भाषणांत सहसा येत नाही. सदस्यांनी बाहेर कामे करावीत की नाही, वेतनाखेरीज जादा काही घ्यावे की नाही, या प्रश्नांवर मतभेद वाढत गेले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. सर्वांनी निर्वाहापुरतेच घ्यावे, हा त्यांचा आग्रह होता. मला या वादाचे कौतुक वाटते, कारण तो लेखी झाला, मुद्द्यांसह झाला, आणि रुपये हा शब्द उच्चारताना कोणी संकोचले नाही.

माझ्या नोकरीच्या काळात आमच्या विभागातील निम्मे शिक्षक बाहेर शिकवण्या घेत. सर्वांना ते ठाऊक होते आणि कोणीही ते बोलत नसे. वर्गात अर्धवट सोडलेला धडा संध्याकाळी कुठे पुरा होतो, हे विद्यार्थ्यांना आमच्याहून चांगले कळत होते. वेतन आयोगाने पगार वाढले, तरी शिकवण्या थांबल्या नाहीत. गरजेपोटी सुरू झालेली गोष्ट गरज संपल्यावर थांबेल, ही माझी समजूत तेव्हा मोडली.

एका शासकीय कार्यालयातील लिपिक

मी पैसे घेत नाही. हे अभिमानाने सांगत नाही, कारण यात माझ्या गुणापेक्षा माझ्या भित्र्या स्वभावाचा भाग किती, हे मला नक्की सांगता येणार नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावे लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आमच्या भिंतीवर लावलेला आहे, आणि त्याच भिंतीला टेकून लोक "साहेब, चहापाण्याचे बघू की" असे म्हणतात.

मला अधिक बोचलेला अनुभव कार्यालयाबाहेरचा आहे. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पगार विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी अगदी सहज विचारले, "आणि वरचे?" काही नाही म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि स्थळ तेथेच संपले. घरोघरी हा प्रश्न इतक्या निरागसपणे विचारला जातो, आणि नंतर पैशाने सरकारी माणूस बिघडतो म्हणून तीच घरे हळहळतात.

सहकारनगर, गृहसंस्थेचा सचिव

धागाकर्त्यांच्या मताला छेद देणारा अनुभव लिहितो. आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनुसार किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. आमच्याकडे ती सहज मिळाली, पण उरलेल्यांच्या निमित्ताने सगळ्यांचे खरे स्वभाव कळले. ज्या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या मुलांना वर्षानुवर्षे संध्याकाळी सांभाळले, ते एका सकाळी मोजपट्ट्या घेऊन एकमेकांच्या घरात शिरले, कारण कोणाचे कार्पेट क्षेत्र नोंदीपेक्षा कमी आहे आणि कोणी बाल्कनी बंद करून खोलीत घेतली आहे, यावर नव्या सदनिकेचे माप ठरणार होते. एका काकूंनी तर शेजारच्या घरातले फडताळ किती खोल आहे तेसुद्धा मोजून घेतले.

याच काळात एका विकासकाचा माणूस माझ्याकडे आला आणि सचिवांची सदनिका जरा ऐसपैस काढता येईल, असे म्हणाला. मी ती गोष्ट पुढच्या सर्वसाधारण सभेत सांगितली आणि इतिवृत्तात नोंदवून घेतली. धाग्यातील विचाराप्रमाणे एवढ्याने विषय संपायला हवा होता. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवसापासून जिन्यात कुजबुज सुरू झाली की सचिवांनी लहान प्रस्ताव जाहीर करून मोठा झाकला आहे. मी सर्व पत्रव्यवहार सूचनाफलकावर लावला, तर इतके कागद कोण वाचणार, यातच काहीतरी लपवले असेल, असे म्हटले गेले. एकदा संशय आला की उघडा हिशोबही लोकांना बनावट वाटतो. मी अद्याप सचिव आहे, कारण ते काम दुसरे कोणी घ्यायला तयार नाही.

धागाकर्ता

सचिवांचा मुद्दा मान्य आहे. तरीही, इतिवृत्तात नोंद नसती तर आज त्यांच्याकडे कुजबुजीला द्यायला उत्तरही नसते, असे मला वाटते.

निवृत्त बँक रोखपाल, शनिवार पेठ

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जुन्या पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या, आणि बँका उघडल्यावर मला माझे किती नातेवाईक आहेत ते समजले. ज्यांनी कधी फोन केला नव्हता त्यांना माझी प्रकृती विचारावीशी वाटू लागली. खिडकीवर चार हजारांच्या बदलीसाठी मालकाने पाठवलेले कामगार रांगेत असत. त्यांच्यापैकी एकाने, नोटा बदलून घेतल्यावर, मला विचारले, "हे पैसे माझे असते तर मला किती दिवसांचे काम झाले असते?" मी हिशोब करून सांगितला.

येरवडा

सगळे पैसा आल्यावरचे लिहीत आहेत म्हणून थोडक्यात लिहितो. माझे वडील व्याजाने घेतलेल्या पैशापायी ज्यांच्याशी खोटे बोलले त्यांच्यात माझी आजीही होती, आणि तो माणूस मुळात खोटे बोलणारा नव्हता. पैसा नसण्याने काय होते, यावरही एक धागा निघावा.

वाघोली

मुळशीच्या ताईंचा अनुभव मी दोनदा वाचला, कारण मी भावाच्या जागी आहे. मला तीन बहिणी आहेत. जमीन माळरान होती तेव्हा विकास सोसायटीचे कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर होते आणि वसुलीची नोटीस माझ्याच दारावर लागत असे. त्या वेळी कायद्याने समान असलेल्या कोणालाही कर्जाचा समान वाटा घ्यावासा वाटला नाही. बहिणींच्या हक्काविषयी बोलताना ही बाजूही सांगितली जावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आम्ही व्यवहाराचा आकडा लपवला नाही. निबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी तिघींच्या नावे मुदतठेवी केल्या, पावत्या त्यांच्या हातात दिल्या, आणि मगच हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या. धाकटीने पावती पाहून तेथेच सांगितले की ही रक्कम वाट्याच्या निम्मीसुद्धा नाही, आणि मग सही केली. तिचा हिशोब बरोबर आहे. मी स्वतः तो करून पाहिला आहे. उरलेली रक्कम तिला द्यावी असे माझ्याही मनात येते, परंतु ती सध्या खराडीच्या दोन सदनिकांत अडकलेली आहे, आणि त्यातील एक मुलाच्या नावावर झाली आहे.