थंडीसाठी मधपेट्या गुंडाळाव्यात का? (पुण्यात पाषाण, गच्चीवर सातेरी या देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या)

गच्चीवाला
दिवाळी झाली आणि पाषाणला पहाटे शाल लागायला लागली. गच्चीवर सातेरीच्या दोन पेट्या आहेत, हा माझा पहिलाच हिवाळा. परदेशी व्हिडिओ बघून थर्माकोल, गोणपाट, प्लॅस्टिक असं सगळं आणून ठेवलंय. ते लोक पेटी गुंडाळतात आणि वसंतापर्यंत उघडतच नाहीत. आपण किती जाड गुंडाळायचं? थंडीभर पाक किती लागेल? मोठ्या पेटीत सहा चौकटींवर (पोळं बांधायच्या लाकडी फ्रेम) माश्या आहेत, धाकटीत जेमतेम तीन. घरून सूचना आलीये की आधी माणसांच्या रजया काढा.

मुळशीचा_मधाळ
घरच्यांचं ऐका. थर्माकोल दुकानदार घेत असेल तर परत करा.

ते व्हिडिओ बर्फातल्या माणसांचे आहेत. तिकडे महिनोन् महिने फूल नाही, माशी बाहेर पडत नाही, अंगाला अंग लावून, गोळा करून बसते आणि साठवलेल्या मधावर दिवस काढते. आपल्याकडे पहाटे 10 अंश असले तरी दुपारी 28-30 होतात. दहा वाजले की माशी कामावर. आपल्या माश्यांचा खरा उपासमारीचा काळ पावसाळा, आणि तो तुम्ही काढलात. आता तूर फुलायला लागेल, मग निलगिरी, धणे, शेवगा. शहरात आइस्क्रीम वेल तर भरलेली असतेच. हिवाळा म्हणजे आपला वसाहत वाढवायचा हंगाम, पेटीला कुलूप घालायचा नाही.

तेव्हा गुंडाळण्यापेक्षा पावसाने पेटीचं काय केलंय ते बघा. तळपाट फुगलाय का, झाकणाला फट पडलीय का, तळाशी कचरा किती. धाकटीतल्या माश्यांनी न झाकलेल्या चौकटी काढून घ्या आणि उरलेल्यांच्या बाजूला आडवी फळी लावा. पिलाव्याजवळ (पोळ्यातली अंडी-पिल्लं) माश्यांना 34-35 अंश ऊब राखावी लागते. तीन चौकटींच्या माश्यांना आठ चौकटींची खोली तापवायला लावलीत तर त्या फुलांवर कधी जाणार?

ओतूरकरीण
मधाळदादा, पटलं, पण थंडी अगदीच झटकू नका. आमच्याकडे जुन्नर भागात जानेवारीत पहाटेचा वारा हाडात शिरतो. गारठ्यापेक्षा वारा वाईट, आणि गच्चीवर तो जास्तच. पेटी कठड्याच्या आडोशाला ठेवा, तोंड पूर्वेला करा म्हणजे सकाळचं ऊन दारात येईल. धाकटीचं दार दोन-तीन माश्या जातील एवढंच ठेवा. रात्री झाकणावर घडी घातलेलं गोणपाट टाकायला हरकत नाही. बाजू मोकळ्या.

आणि जागा बदलायची तर रोज फूटभर सरकवा. एकदम दुसऱ्या कोपऱ्यात नेलीत तर बाहेरून आलेल्या माश्या जुन्या जागी घिरट्या घालत बसतील.

प्लॅस्टिकने_पोळलेला
पहिल्या वर्षी मी पेटीला प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं होतं. आठ दिवसांनी उघडलं तर झाकणाच्या आतून थेंब टपकत होते, कडेच्या पोळ्यावर बुरशी, वास आंबूस. माश्यांच्या श्वासाची वाफ जाणार कुठून? पुढच्या आठवड्यात सातेरी उडून गेली. परदेशी मेलिफेरा माशी सहन करेल, सातेरी रुसली की घर सोडते. म्हणून उगाच रोज झाकण उचलू नका. पंधरवड्यातून एकदा, दुपारी बारा ते दोन, दहा मिनिटांत काम आटपा. पहाटे तर चुकूनही नको, पिलावा गारठतो.

गच्चीवाला
आज दुपारी उघडलं. मोठीत राणी दिसली, अंडी आहेत, वरच्या कडेला मधाचा पट्टा. धाकटीत एका रिकाम्या पोळ्यावर कोळ्यासारखं जाळं आणि काळी कणी. मध जवळजवळ नाही. हा रोग आहे का?

मुळशीचा_मधाळ
मेणकिडा. तो रोग नव्हे, तुमच्या वसाहतीच्या अशक्तपणाची चहाडी आहे. रिकामं पोळं राखायला माश्या पुरत नाहीत म्हणून तो शिरतो. ती चौकट आजच काढा, जाळ्याचं मेण वितळवून टाका. चांगली पोळी ठेवायची असतील तर पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये, अळ्या मरतात. (घरच्यांची परवानगी काढा, आमच्याकडे याच्यावरून अबोला झाला होता.)

पिलावा मात्र नीट बघा. पोळ्यातल्या झाकण नसलेल्या घरांत पिल्लं डोकं वर करून मेलेली, पाण्याच्या पिशवीसारखी दिसली तर थाई सॅकब्रूड हा पिल्लांचा विषाणूरोग असू शकतो. त्यावर औषध नाही. मग या पेटीची चौकट त्या पेटीत मुळीच घालू नका. शंका असेल तर गणेशखिंड रस्त्यावरची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था तुम्हाला जवळच आहे, 1962 पासूनची. तिथे विचारा.

ओतूरकरीण
पाक फक्त धाकटीला. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, पूर्ण गार करून. पातळ पाक दिला तर थंडीत पाणी आटवण्यातच त्यांचा जीव जातो. गूळ नको, माश्यांना हगवण लागते. संध्याकाळी, पेटीच्या आत, वर काड्या टाकून द्या म्हणजे बुडणार नाहीत. बाहेर सांडलात तर मोठीच्या माश्या धाकटीवर दरोडा घालतील. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या आहेतच.

गच्चीवाला
पिल्लं पांढरीशुभ्र आहेत, हुश्श. जाळ्याची चौकट काढली, फळी लावली, पाक ठेवला. आज सकाळी साडेनऊला धाकटीच्या दारात पिवळा पराग घेऊन माश्या उतरत होत्या. थर्माकोल दुकानदाराने घेतला नाही, कुणाला हवा असेल तर पाषाणला येऊन न्या.