मदत हवी आहे : ‘गेट’ या क्रियापदाचे अर्थ मुलांना कसे समजवावेत?

सांगलीत मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. ‘गेट’ हे क्रियापद व्हायकिंगांच्या प्राचीन नॉर्स भाषेतून इंग्रजीत आले आणि मिळवणे हा त्याचा जुना अर्थ आहे. परंतु ‘गेट अप’, ‘गेट टायर्ड’, ‘गेट टू द स्टेशन’ यांतील उठणे, दमणे, पोहोचणे हे अर्थ त्यातून कसे फुटत गेले, हे मुलांना पटेल अशा रीतीने मांडणे मला जमत नाही. अर्थांची नुसती यादी पाठ करून घेणे मला पटत नाही. आपल्या ‘लागणे’ची जोड द्यावी का? भूक लागते, ठेच लागते, वाटेत मिरज लागते, शिवाय जावेही लागते. हा अर्थविस्तार क्रमाने उलगडणारे सुबोध पुस्तक किंवा वर्गात स्वतः वापरलेली पद्धत कोणास ठाऊक असल्यास कृपया सविस्तर कळवावे.